डिसअफेक्शन : प्रेम नसणं हा गुन्हा?

दप्तरी (धागाकर्ता)

बेइमानीसाठी इंग्रजीत शब्दांचा तोटा नाही. ट्रीझन आहे, ट्रेचरी आहे, पर्फिडी आहे. यातल्या प्रत्येक शब्दामागे कोणीतरी काहीतरी केलेलं असतं. राजावर हत्यार उचललं, किल्ल्याचा दरवाजा आतून उघडला, दिलेला शब्द फिरवला. या पंगतीत एक शब्द मात्र चोरट्यासारखा येऊन बसला आहे : डिसअफेक्शन. यात कोणी काही केलेलं नसतं. मनातून काहीतरी उतरलेलं असतं, एवढंच. आणि नेमक्या याच शब्दाचा कीस काढून १८९७ साली मुंबई हायकोर्टात लोकमान्यांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली.

आधी शब्दाची जन्मकुंडली. लॅटिनमध्ये 'अफिकेरे' म्हणजे एखाद्यावर परिणाम घडवणं. त्यातून 'अफेक्शिओ', म्हणजे परिणाम होऊन मनाची किंवा शरीराची जी अवस्था होते ती. चांगली, वाईट, कसलीही. माया, जिव्हाळा हा अर्थ त्यातल्या एका फांदीचा. दुसरी फांदी वैद्यांकडे गेली. जुने इंग्रज डॉक्टर 'फुफ्फुसाचं अफेक्शन' म्हणत तेव्हा त्यांना फुफ्फुसाचा रोग म्हणायचं असे. आपल्या 'विकार' शब्दाचं असंच आहे, मनोविकारही तोच आणि हृदयविकारही तोच. सतराव्या शतकात डिसअफेक्शन म्हणजे शरीराची बिघडलेली अवस्था असाही अर्थ चालू होता. पुढे तो मागे पडला.

राजकारणात हा शब्द रुळला तो इंग्लंडच्या यादवी युद्धाच्या सुमारास. पार्लमेंटच्या बाजूचे लोक स्वतःला 'वेल-अफेक्टेड' म्हणवत. जे तसे नाहीत ते 'इल-अफेक्टेड' किंवा 'डिसअफेक्टेड'. १६८८ मध्ये दुसरा जेम्स गादीवरून गेला, त्यानंतर त्याच्या घराण्याकडे डोळे लावून बसलेल्यांना हेच विशेषण लागलं. थोडक्यात, हा माणूस आपल्यातला नाही, वेळ आली तर भरवशाचा नाही, असा त्याचा सूर.

आता हिंदुस्थान. मेकॉलेच्या १८३७ च्या दंडविधानाच्या मसुद्यात राजद्रोहाचं कलम होतं. १८६० मध्ये कायदा झाला तेव्हा ते गायब. १८७० मध्ये जेम्स फिट्झजेम्स स्टीफन कायदामंत्री असताना १२४अ म्हणून ते घुसवलं. कायद्याने स्थापित सरकारबद्दल 'डिसअफेक्शनच्या भावना' चेतवणाऱ्याला थेट जन्मठेप काळ्या पाण्यापर्यंत शिक्षा. पण डिसअफेक्शन म्हणजे काय ते कलमात कुठेही सांगितलं नाही. काय नव्हे, तेवढं सांगितलं : सरकारच्या एखाद्या कृतीबद्दल नापसंती आहे, पण सरकारची आज्ञा पाळायची तयारीही आहे, तर ती नापसंती म्हणजे डिसअफेक्शन नव्हे.

पहिला खटला १८९१ चा, कलकत्त्याच्या 'बंगबासी' पत्रावर. संमतिवयाच्या विधेयकावरून पत्राने सरकारला झोडपलं होतं. मुख्य न्यायाधीश सर कोमर पेथरम. ज्युरीचं एकमत झालं नाही, पुढे दिलगिरीवर प्रकरण मिटलं. सहा वर्षांनी मुंबईत टिळक. १५ जून १८९७ च्या केसरीत शिवराज्याभिषेक उत्सवाचा वृत्तान्त आणि 'शिवाजीचे उद्गार' ही कविता. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर पुण्याचा प्लेग अधिकारी रँडवर गोळी. २७ जुलैला टिळकांना मुंबईत अटक, ८ सप्टेंबरला खटला उभा राहिला, १४ ला निकाल. न्यायमूर्ती आर्थर स्ट्रॅची यांनी ज्युरीला सांगितलं की पेथरमसाहेबांशी मी सहमत आहे, डिसअफेक्शन म्हणजे निव्वळ प्रेमाचा अभाव. आणि पुढे : द्वेष, वैर, नावड, तिरस्कार, सरकारबद्दलची हरएक तऱ्हेची वाईट भावना यात येते, या सगळ्याला मिळून बहुधा 'डिसलॉयल्टी' हाच उत्तम शब्द.

ज्युरीत नऊ जण. सहा युरोपियन, तीन हिंदी. निकाल सहा विरुद्ध तीन, दोषी.

माझं म्हणणं एवढंच आहे की कायद्याने इथे एका पोकळीला शिक्षा देऊ केली. जाणकारांनी भर घालावी.


बोरीबंदर

झकास धागा. वाचनखूण साठवली.

शाळेच्या पुस्तकात 'राजद्रोहाचा खटला' एवढ्या दोन शब्दांत आटपतं सगळं. ज्युरीतल्या तिघांनी 'दोषी नाही' म्हटलं होतं हे आज कळलं. रच्याकने (बाय द वे), टिळकांचा बचाव कोणी केला?


दप्तरी

@बोरीबंदर, कलकत्त्याहून प्यू नावाचे बॅरिस्टर आणले होते. खटल्यासाठी बंगालमधून वर्गणीही आली. जामीन मात्र आधी हायकोर्टानेच नाकारला होता, तो नंतर न्या. बद्रुद्दीन तय्यबजींनी दिला.


अर्धवट वकील

लेख चांगला, पण स्ट्रॅचींना फार सहज सोडलंत. पेथरम काय म्हणाले ते नीट बघा. ते म्हणाले, डिसअफेक्शन म्हणजे प्रेमाच्या *विरुद्ध* भावना, दुसऱ्या शब्दांत नावड किंवा द्वेष. अभाव हा शब्द त्यांनी वापरलाच नव्हता. स्ट्रॅची 'मी सहमत आहे' म्हणाले आणि त्याच दमात विरुद्धचा अभाव करून मोकळे झाले!

विरुद्ध भावना आणि अभाव यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मला शेजाऱ्याचा राग येतो ही एक गोष्ट. मला शेजाऱ्याबद्दल काहीच वाटत नाही ही दुसरी. पहिल्यात निदान काहीतरी सिद्ध करायला सापडेल. दुसऱ्यात काय सिद्ध करणार?


तिरकमठा

थोडी स्ट्रॅचींची बाजू घेतो, इथे कोणी घेणार नाही म्हणून.

'निव्वळ प्रेमाचा अभाव' हे एक वाक्य सगळे उचलतात. लगेच पुढच्या वाक्यात त्यांनी द्वेष, वैर, तिरस्कार अशी यादी दिली आहे, धागाकर्त्यानेही ती दिली आहे. ज्युरी ऐकत होती ती अख्खं भाषण. प्रिव्ही कौन्सिलकडे (लंडनमधलं तेव्हाचं शेवटचं अपील कोर्ट) जायची परवानगी मागितली तेव्हा मुख्य न्यायाधीश फॅरन यांच्या पीठाने हेच सांगितलं की पुढच्या वाक्याने अर्थ स्पष्ट होतो, ज्युरीची दिशाभूल झाली नाही. एका शब्दाची शेपूट धरून किती ओढायची?


अर्धवट वकील

@तिरकमठा, शेपूट नाही हो, डोकंच आहे ते. त्याच भाषणात स्ट्रॅची असंही म्हणाले की डिसअफेक्शन किती तीव्र होतं हे बघायचं कारण नाही, फार तर शिक्षा ठरवताना बघावं. थोडी असो वा पुष्कळ, भावना चेतवायचा प्रयत्न केला की गुन्हा झाला. बंड झालं का, दंगा झाला का, हेही बघायचं नाही. आता हे दोन्ही एकत्र ठेवा. प्रेमाचा अभाव, आणि तोही कितीही थोडा. मग उरलं काय?

आणि फॅरन वगैरेंचं म्हणाल तर त्या पीठात स्वतः स्ट्रॅचीही होते.


माजघर

वकीलसाहेब, तुमचं वाचून मी आमच्या घराला १२४अ लावून बघितलं. सासूबाईंच्या काही निर्णयांबद्दल मला तीव्र नापसंती आहे (उदाहरणार्थ, दिवाळीत सगळे लाडू घरीच झाले पाहिजेत). पण आज्ञा पाळायची तयारी आहे. म्हणजे मी स्पष्टीकरणात बसते, सुटले. नवरा मात्र जावेला हळूच फोन करून 'आईचं जरा अतीच होतं' असं सांगतो. तो गेला बिचारा काळ्या पाण्यावर.


मोघम

हहपुवा (हसून हसून पुरेवाट).

पण माजघरताईंनी गमतीगमतीत खरी मेख सांगितली आहे, आणि मला वाटतं मूळ लेखाचा मुद्दाच तिने लंगडा होतो. कलम काय म्हणतं? डिसअफेक्शन *चेतवणं* गुन्हा. मनात प्रेम नाही म्हणून कोणाला कधी पकडलं नाही. दुसऱ्याच्या मनातलं प्रेम घालवलं म्हणून पकडलं. सूनबाई सुटल्या, नवरा अडकला, ते याचसाठी. पोकळीला शिक्षा नाही, पोकळी करणाऱ्याला आहे.


दप्तरी

@मोघम, कायद्याच्या भाषेत बरोबर आहे. पण पोकळी केली हे ठरवायला आधी पोकळी म्हणजे काय ते ठरवावं लागतं, नाही का? केसरी वाचून पुण्यातल्या एखाद्या माणसाचं राणीवरचं प्रेम पाव टक्का कमी झालं, हे ज्युरी कसं मोजणार? त्यातून त्या सहा जणांच्या हातात होतं ते मराठी कवितेचं इंग्रजी भाषांतर.

उरला प्रश्न तो असा की प्रेम मुळात होतंच कुठे. जे नव्हतंच ते घालवलं कसं?


कऱ्हाडचा पाहुणा

धाग्यात इस्लामपूर आलं नाही म्हणून लिहितो. १८९७ सालीच आमच्या बाजूच्या 'प्रतोद' पत्रावर १२४अ लागलं होतं. इस्लामपूर तेव्हा सातारा जिल्ह्यात. लेख कॅनडाबद्दल होता, तिथले लोक स्वतंत्र व्हायची तयारी कशी करताहेत वगैरे. हिंदुस्थानने काय करावं ते वाचकाने ओळखावं! सातारच्या कोर्टाने शिक्षा केली, अपील हायकोर्टात गेलं. पीठावर फॅरन, पार्सन्स आणि आपले न्या. महादेव गोविंद रानडे.

गंमत म्हणजे दोन्ही निकाल इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेत एकाच खंडात आहेत, बाविसाव्या. टिळकांचा पान ११२ वर, प्रतोदचा १५२ वर. मध्ये फक्त चाळीस पानं. आणि त्या चाळीस पानांत डिसअफेक्शनचा अर्थ बदललेला आहे.

पार्सन्स म्हणाले, हा शब्द प्रेमाचा अभाव किंवा प्रेमाच्या विरुद्ध अशा अर्थाने घेताच येणार नाही. इथे राजकीय दुरावा, राजनिष्ठेला सोडून गेलेली वृत्ती एवढाच अर्थ. म्हणजे पेथरम आणि स्ट्रॅची दोघेही बाद! रानडे आणखी पुढे गेले. ते म्हणाले, नुसता प्रेमाचा किंवा सदिच्छेचा अभाव म्हणजे डिसअफेक्शन नव्हे. ती एक प्रत्यक्ष असलेली राजकीय व्याधी आहे. तिटकाऱ्याची भावना, सत्तेला उघड धुडकावणारी, किंवा उघड नसेल तर आतून लोकांना फोडून निष्ठेचा धागा कमकुवत करणारी.

शिक्षा रद्द मात्र झाली नाही, कमी झाली.


अर्धवट वकील

व्वा पाहुणे! हा निकाल सहसा कोणी काढत नाही.

रानड्यांनी इंग्रजीत वापरलेला शब्द 'डिस्टेंपर' आहे. भिंतीला लावायचा नव्हे, रोग या अर्थाचा. धागाकर्ते वर म्हणतात की सतराव्या शतकात डिसअफेक्शनला शरीराच्या बिघाडाचा अर्थ होता. रानड्यांनी तो मेलेला अर्थ पुन्हा उभा केला! अभाव म्हटलं की सगळेच गुन्हेगार. रोग म्हटलं की लक्षणं दाखवावी लागतात, आणि ती दाखवायची जबाबदारी सरकारवर येते.


तिरकमठा

रोग म्हटलं की औषधही देता येतं आणि रोग्याला वेगळंही ठेवता येतं, १८९७ सालचं पुणं विसरू नका. प्लेगच्या वर्षी 'व्याधी' हा शब्द काही तितकासा निरुपद्रवी नव्हता. रानड्यांनी व्याख्या घट्ट केली हे मान्य, पण त्यांच्या व्याख्येतलं ते 'आतून लोकांना फोडून' परत वाचा. उघड बंड नसलं तरी चालेल, गुपचूप असलं तरी चालेल. सरकारी वकिलाला यापेक्षा जास्त काय हवं?

टिळकांचा पहिला जामीनअर्ज नाकारला तोही पार्सन्स आणि रानडे यांच्यापुढेच, हेही नोंदवून ठेवतो.


कऱ्हाडचा पाहुणा

@तिरकमठा, बाण लागला. तरीपण दोघांत निवडायचं झालं तर मी रानड्यांकडेच जाईन. स्ट्रॅचींच्या व्याख्येत निर्दोष सुटायला सरकारवर प्रेम असल्याचा पुरावा आणावा लागतो.


शाईपेन

या वादाचा शेवट सरकारने कसा केला ते कोणी लिहिलं नाही. कोर्टाकोर्टांत अर्थांचा घोळ झालाय म्हटल्यावर १८९८ मध्ये कलमच बदललं. 'द्वेष किंवा तुच्छता निर्माण करणं' हे शब्द घातले, आणि स्पष्टीकरणात लिहून टाकलं की डिसअफेक्शनमध्ये डिसलॉयल्टी आणि वैराच्या सगळ्या भावना *समाविष्ट आहेत*. समाविष्ट आहेत! व्याख्या नाहीच. पिशवीचं तोंड आणखी रुंद केलं इतकंच. स्ट्रॅचींनी ज्युरीपुढे वापरलेला शब्द काही महिन्यांतच कायद्यात जाऊन बसला.

त्यानंतरच्या दहा वर्षांत मराठी पत्रकारांनी या शब्दाची जी परीक्षा घेतली ती वाचण्यासारखी आहे. 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपे बघा. पंत सरकारची निंदा करतच नसत, स्तुती करत. इतकी करत की वाचणाऱ्याने पोट धरून हसावं आणि मग मुठी आवळाव्या. स्तुतीने चेतलेल्या अप्रीतीला काय करणार? १९०८ मध्ये त्यांनाही तुरुंगात घातलंच. वक्रोक्ती कळायला सरकारला वेळ लागला, पण कळली.

नाशिकच्या बाबाराव सावरकरांना १९०९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची झाली त्यातही कवितांची पुस्तिका होती. १२४अ सोबत युद्ध पुकारल्याचं १२१ लागलं होतं तिथे.


बोरीबंदर

आणि १९०८ चा टिळकांचा दुसरा खटला? मी हायकोर्टात मधल्या कोर्टाबाहेरची टिळकांच्या उद्गारांची ती संगमरवरी पाटी पाहिली आहे, 'याहून श्रेष्ठ शक्ती' वाली.


शाईपेन

@बोरीबंदर, सांगतो, कारण त्या खटल्यात माणसांच्या जागा अशा अदलाबदल झाल्या आहेत की नाटकात लिहिलं तर कोणी खरं मानणार नाही.

१८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी ज्या दिनशा दावरांनी वकिली केली, तेच दावर १९०८ मध्ये न्यायासनावर. त्यांनीच सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा आणि हजार रुपये दंड सुनावला. १८९७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे टिळकांतर्फे उभे राहिलेले बॅरिस्टर होते अ‍ॅस्क्विथ. 'प्रेमाचा अभाव' ही व्याख्या चुकीची आहे असं त्यांनी लंडनमध्ये मांडलं होतं, अर्ज फेटाळला गेला. तेच अ‍ॅस्क्विथ एप्रिल १९०८ मध्ये इंग्लंडचे पंतप्रधान झाले. जूनमध्ये त्यांच्या जुन्या अशिलाला त्याच कलमाखाली पुन्हा अटक.

खटला १३ जुलैला सुरू झाला, २२ जुलैला रात्री निकाल. लेख होते 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. या वेळी ज्युरीत सात युरोपियन आणि दोन पारशी, निकालही सात विरुद्ध दोन. मराठी न येणारी ज्युरी नको म्हणून आधीच हरकत घेतली होती, चालली नाही. टिळकांनी स्वतःच बाजू मांडली, एकवीस तासांहून अधिक बोलले. त्यातला मोठा वेळ भाषांतरावर गेला. हायकोर्टाच्या भाषांतरकाराला समोर उभं करून एकेका मराठी शब्दाची उलटतपासणी. मूळ शब्द साधा असताना इंग्रजीत तो रक्ताळलेला कसा होतो, हे दाखवत राहिले.

तिसऱ्यांदा १९१६ मध्ये बेळगाव आणि नगरच्या भाषणांवरून वीस हजारांचा जातमुचलका मागितला होता. तेव्हा जिनांनी बाजू लढवली आणि हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला.


नवशिका वाचक

एक प्रश्न. 'भारतीय असंतोषाचे जनक' यातला असंतोष म्हणजे हेच डिसअफेक्शन का?


शाईपेन

नाही. तो 'अनरेस्ट'. व्हॅलेंटाइन चिरोल या लंडनच्या पत्रकाराने १९१० च्या पुस्तकात टिळकांना ते विशेषण लावलं, आरोप म्हणून. टिळकांनी त्याच्यावर लंडनमध्ये अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १९१९ मध्ये हरले. आणि आपण ती शिवी पदवी म्हणून मिरवतो! ज्या मजकुरावर टिळक कोर्टात गेले त्याच पुस्तकातली ही पदवी, हे पुतळ्याखालच्या पाट्या रंगवणाऱ्यांना सांगून बघा.

डिसअफेक्शनला कायद्याच्या पुस्तकांतला शब्द 'अप्रीती'. हिंदीतही अप्रीतिच. कानाला गोड लागतो, लग्नाच्या मंगलाष्टकातून सुटून आल्यासारखा.


उर्दूवेडी

अप्रीती कोण बोलतं! मराठीचा स्वतःचा शब्द फितूर. आणि त्याची कुळकथा या धाग्यात आली नाही तर चुटपुट लागेल, म्हणून लिहिते.

फितूर मूळचा अरबी, 'फुतूर'. त्याचा मूळ अर्थ ढिलेपणा, मंदावणं, जोर ओसरणं. त्याच धातूपासून 'फातिर', म्हणजे कोमट. चहा फातिर झाला, म्हणजे धड गरम नाही, धड थंड नाही. फारसी-उर्दूत येता येता फुतूरचे अर्थ वाढले : अशक्तपणा, बिघाड, प्रकृतीतला दोष, मग भांडण, मग दंगा, फंद. हिंदीत तो डोक्यात शिरला, 'दिमाग का फ़ितूर' म्हणजे खूळ. मराठीत तो किल्ल्यात शिरला.

म्हणजे बघा, कोमट होणं, मग बिघाड, मग राजद्रोह. इंग्रजी शब्द ज्या पायऱ्या चढला त्याच पायऱ्या अरबी शब्द चढलाय, एकमेकांची ओळखदेख नसताना. दोन्हीकडे मधली पायरी आजारपणाची. रानड्यांना 'व्याधी' सुचावी यात मग फारसं नवल वाटत नाही.


दप्तरी

उर्दूवेडी, हे भारी आहे. 'फातिर'चा संबंध माझ्या ध्यानीमनी नव्हता.


मोघम

छान, पण मराठीत फितुरी कोमट कधीच नव्हती हो. बखरीत 'किल्ला फितुरीने गेला' असं येतं तेव्हा कोणीतरी पैसे खाल्लेले असतात आणि रात्री दोर टाकलेला असतो. शिवाय आपल्याकडे क्रियापद आहे, *फितवणे*. माणूस आपोआप फितूर होत नाही, त्याला कोणीतरी फितवतं. मी वर म्हटलं तेच झालं, दोष फितवणाऱ्याचा. मराठी भाषा १२४अ च्या बाजूने साक्ष देते आहे!


उर्दूवेडी

@मोघम, साक्ष उलटी जाईल. फितवायला दुसरा धनी लागतो. कोणाकडून तरी सोडवून कोणाच्या तरी पदरी नेऊन घालायचं, तेव्हा फितवणं होतं. १८९७ मध्ये टिळक कोणाच्या पदरी नेत होते लोकांना? निमकहरामीचंही तेच, आधी मीठ खाल्लेलं असावं लागतं. इथे मीठ कोणाचं आणि त्यावरचा कर कोण घेत होतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे.


संपादक मंडळ

शेवटचे दोन प्रतिसाद आजच्या पक्षांवर गेले होते, ते काढले आहेत. विषय चांगला चालला आहे, धाग्याचं काश्मीर करू नका.


तिरकमठा

मोघम यांच्या 'चेतवणारा दोषी' या मुद्द्याला सगळ्यांत सरळ उत्तर कोर्टातच मिळालंय. १८ मार्च १९२२, अहमदाबाद. आरोपी गांधी, धंदा शेतकरी आणि विणकर. 'यंग इंडिया'तल्या तीन लेखांबद्दल १२४अ. बचाव नाहीच. उलट ते म्हणाले की सरकारबद्दल अप्रीती पसरवणं हा माझा जवळजवळ ध्यासच झाला आहे. आणि मग ते प्रसिद्ध वाक्य, की प्रेम कायद्याने निर्माण करता येत नाही आणि कायद्याने त्याचं नियमनही करता येत नाही. एखाद्या माणसाबद्दल किंवा व्यवस्थेबद्दल प्रेम नसेल तर ते पूर्णपणे बोलून दाखवायची मोकळीक हवी, जोवर हिंसेचा विचार किंवा चिथावणी नाही तोवर.

मजा अशी की गांधींनी स्ट्रॅचींची व्याख्या मान्यच केली! हो, प्रेमाचा अभाव, माझ्यात आहे, दुसऱ्यांतही उत्पन्न करतो, द्या शिक्षा. न्या. ब्रूमफील्ड यांनी टिळकांचा दाखला देऊन तीच सहा वर्षं दिली. व्याख्येवर वाद घालून टिळक सहा वर्षं गेले, व्याख्या मान्य करून गांधी सहा वर्षं. (गांधी दोन वर्षांत आजारपणामुळे सुटले, टिळकांनी मंडालेत जवळजवळ पूर्ण भोगली.)

मी धाग्याच्या सुरुवातीला स्ट्रॅचींची वकिली करत होतो ती इथे थांबवतो. फी मिळाली नाही.


माजघर

तीन लेखांपैकी एकाचं नावच 'राजनिष्ठेशी खेळ' अशा अर्थाचं होतं ना? म्हणजे पोलिसांना शोधाशोधही करावी लागली नाही.


तिरकमठा

होय, 'टॅम्परिंग विथ लॉयल्टी'. आरोपपत्राचा मथळा आरोपीनेच लिहून दिला.


नवशिका वाचक

मग स्वातंत्र्यानंतर हा शब्द गेला का? कोणाची व्याख्या टिकली, स्ट्रॅचींची की रानड्यांची?


अर्धवट वकील

थोडक्यात सांगतो, संपादकांच्या नजरेखाली.

१९४२ मध्ये फेडरल कोर्टाचे मुख्य न्यायाधीश मॉरिस ग्वायर म्हणाले, सार्वजनिक अशांतता किंवा तिची वाजवी शक्यता हे राजद्रोहाचं सार आहे, सरकारच्या दुखावलेल्या अहंकारावर फुंकर घालायला हे कलम नाही. १९४७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सदाशिव भालेराव खटल्यात ते मोडीत काढून पुन्हा स्ट्रॅचींची वाट धरली. म्हणजे इंग्रज जाता जाता १८९७ ला परत पोचले. १९५१ मध्ये नेहरूंनी लोकसभेच्या आधीच्या त्या हंगामी संसदेत या कलमाला अत्यंत आक्षेपार्ह आणि किळसवाणं म्हटलं, पण ठेवलं. १९६२ मध्ये केदारनाथ सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने ग्वायर यांचा अर्थ उचलला : हिंसेला किंवा अव्यवस्थेला चिथावणी असेल तरच गुन्हा. कलम वाचलं, पण दात काढून. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याचा वापर थांबवला, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आल्यावर दंडविधानच गेलं. नव्या कलम १५२ मध्ये फुटीरपणा, सशस्त्र बंड, विघातक कारवाया वगैरे आहे. डिसअफेक्शन नाही.

त्यामुळे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, दोघांचीही नाही. ग्वायर यांची टिकली.


कऱ्हाडचा पाहुणा

म्हणजे १८७० ते २०२४. शब्द गेला एकदाचा.


अर्धवट वकील

@पाहुणे, गेला कुठे? यूएपीए म्हणजे बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) कायदा उघडा, कलम २(१)(ओ), 'बेकायदेशीर कृत्य' याची व्याख्या. तिसऱ्या पोटकलमात आहे, भारताविरुद्ध डिसअफेक्शन निर्माण करणारं किंवा करण्याचा हेतू असलेलं कृत्य. पहिल्या दोन पोटकलमांत फुटीरता आणि सार्वभौमत्व आहे, त्यांना निदान धरायला काहीतरी आहे. तिसऱ्यात नुसता हा शब्द.

पूर्वी प्रेम मागत होते ते 'कायद्याने स्थापित सरकार'साठी, आता 'भारत'साठी, एवढा फरक. त्या कायद्यात शब्दाची व्याख्या नाही. १८९८ चं स्पष्टीकरणही नाही.


माजघर

म्हणजे आता 'आज्ञा पाळायची तयारी आहे' म्हणून सुटायची सोयही गेली?


अर्धवट वकील

त्या पोटकलमात तरी तशी सूट लिहिलेली नाही. केदारनाथचा निकाल तिथे किती लागू करता येईल यावर वकिली करता येईल, आणि करतातही. त्यावर वेगळा धागा काढू, इथे संपादक बसलेत.


दप्तरी

काढा. प्रतोदच्या निकालाची पानं मी त्यात टंकून टाकतो, रानड्यांचा परिच्छेद मुळातून वाचायला मिळेल सगळ्यांना.